सदतीसमध्ये एक, मग शून्य

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईचे नाव काही दिवस एका भलत्याच यादीत झळकत होते. '२०२४ वायआर४' नावाचा, साठेक मीटरचा एक लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोहोचली. आदळलाच तर कुठे, याचा जो पट्टा शास्त्रज्ञांनी काढला होता तो पूर्व प्रशांत महासागरापासून निघून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत येत होता. झाले! पट्ट्यावरची मोठी शहरे हुडकली गेली, त्यांत मुंबई निघाली, आणि पुढचे काम ग्राफिकवाल्यांनी केले. सहा दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, तीच शक्यता ०.००४ टक्के झाली. व्यवहारात शून्य. या शून्याला मात्र ना लाल पट्टी मिळाली ना चर्चेचे फड. ज्यांच्या कानांवर ते गेले त्यांतल्या बऱ्याच जणांनी काढलेला अर्थ असा, की शास्त्रज्ञांनी आधी उगाच घाबरवले आणि अंगाशी येतेय म्हटल्यावर शब्द फिरवला.

शब्द कुणीच फिरवला नव्हता. हा आकडा आधी चढतो आणि मग धाडकन कोसळतो, ही या गणिताची खोडच आहे. नवा लघुग्रह सापडतो तेव्हा त्याच्या प्रवासाचा अगदी तुटपुंजा तुकडा हाती असतो. दोन-चार रात्रींच्या छायाचित्रांत ताऱ्यांच्या गर्दीतून किंचित सरकलेला एक ठिपका, बस्स. दुर्बिणीला त्याची दिशा कळते, अंतर थेट मोजता येत नाही. एवढ्या भांडवलावर आठ-दहा वर्षांनी तो कुठे असेल हे सांगायचे, तर नेमकी जागा सांगता येत नाही. लाखो किलोमीटर लांबीचा एक पट्टा सांगता येतो आणि त्या पट्ट्यात कुठेतरी पृथ्वीही येत असते. निरीक्षणे वाढतात तसा पट्टा आखूड होत जातो. पृथ्वी मात्र आहे तेवढीच राहते, त्यामुळे आखडत्या पट्ट्यात तिचा वाटा वाढतो आणि टक्केवारी चढते. मग एके दिवशी पट्ट्याचे टोक पृथ्वीच्या अलीकडेच थांबते आणि आकडा शून्यावर येतो. म्हाडाच्या सोडतीत समजा उलटा प्रकार केला आणि घर न लागलेल्या अर्जांचे क्रमांक आधी वाचायला घेतले, तर जो क्रमांक अजून वाचला गेलेला नाही त्याची आशा प्रत्येक पुकाऱ्यागणिक वाढत जाईल. ती वाढत वाढत अगदी शिगेला पोहोचलेली असताना त्याचाही क्रमांक वाचला जाईल. त्याच्या वाढत्या आशेत सोडत काढणाऱ्याची काही लबाडी नव्हती. इथे फरक इतकाच, की आपल्याला हे घर नको आहे.

या गणिताचा सर्वांत चित्तथरारक प्रयोग वीस वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे, आणि त्याचा प्रेक्षकवर्ग जवळजवळ नव्हता. १९ जून २००४ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील किट पीक वेधशाळेतून रॉय टकर, डेव्हिड थोलेन आणि फॅब्रिझिओ बर्नार्डी यांना एक अनोळखी लघुग्रह दिसला. दोन रात्री दिसला आणि मग निसटला. सहा महिन्यांनी, १८ डिसेंबरला, ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंग इथून गॉर्डन गॅराड यांना तो पुन्हा सापडला. जून आणि डिसेंबरचे ठिपके एका कक्षेत बसवल्यावर एक तारीख पुढे आली: १३ एप्रिल २०२९. लघुग्रहांच्या धोक्याची टोरिनो नावाची शून्य ते दहा अशी मोजपट्टी आहे. २३ डिसेंबरला हा पाहुणा तिच्यावर दोनच्या पायरीवर होता, दुसऱ्या दिवशी चारवर गेला. त्याआधी चारची पायरी कुणी गाठली नव्हती. मुंबईला यादीत नेणारा तो २०२४ वायआर४देखील तीनपर्यंतच चढू शकला. २७ डिसेंबरला शक्यता २.७ टक्के झाली. सदतीसमध्ये एक. आणि इथे विषय साठ मीटरच्या दगडाचा नव्हता; तेव्हाच्या अंदाजानुसार याचा आकार चारशे मीटरच्या आसपास होता.

पण जगाला याचा पत्ताही लागला नाही. आदल्याच दिवशी, २६ डिसेंबरला, सुमात्राच्या किनाऱ्यालगत समुद्रतळ हादरला होता आणि नागपट्टणमपासून कार निकोबारपर्यंत माणसे त्सुनामीत वाहून गेली होती. वृत्तपत्रांची पाने त्या प्रेतांनी भरलेली असताना २०२९ सालच्या एका शक्यतेकडे बघायला कुणाला सवड असणार? इकडे नाताळच्या सुटीत जी मोजकी मंडळी कामाला जुंपली होती, ती जुनी छायाचित्रे उपसत बसली होती. त्यांना ॲरिझोनातल्याच स्पेसवॉच प्रकल्पाने १५ मार्च २००४ रोजी टिपलेल्या छायाचित्रांत तो ठिपका सापडला. म्हणजे 'शोध' लागण्याच्या तीन महिने आधीच तो कॅमेऱ्यात येऊन गेला होता, फक्त त्याला कुणी ओळखले नव्हते. ती मार्चची जागा गणितात घालताच निरीक्षणांचा काळ लांबला, पट्टा आखडला आणि पृथ्वी त्याच्या बाहेर पडली. २७ डिसेंबरलाच उच्चांक आणि २७ डिसेंबरलाच २०२९ची टक्कर रद्द. तोवरच्या सर्वांत मोठ्या शक्यतेची घबराट झालीच नाही, आणि ती न झाल्याने कुणाचे काडीचेही नुकसान झाले नाही. संपादकांनी या गोष्टीवर जरूर विचार करावा.

पुढे या लघुग्रहाला ९९९४२ हा क्रमांक आणि अपोफिस हे नाव मिळाले. अपोफिस म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुराणातला अंधाराचा सर्पराक्षस, सूर्याला गिळायला टपलेला. अर्थात नाव ठेवणाऱ्यांतल्या दोघांच्या डोक्यात इजिप्तपेक्षा 'स्टारगेट' ही दूरचित्रवाणी मालिका अधिक होती. तिच्यातल्या खलनायकाचे नाव अपोफिस. मालिकेच्या चाहत्यांनी गमतीत ठेवलेले नाव आता 'विनाशाचा देव' असे भाषांतरित होऊन आपल्याकडच्या मथळ्यांत येते, त्याला काय म्हणावे!

२०२९ टळले, पण अपोफिसची फाइल बंद व्हायला आणखी सोळा वर्षे लागली. ही सोळा वर्षे म्हणजे या विषयातला खरा रस. २०२९ मध्ये तो पृथ्वीच्या इतक्या जवळून जाणार आहे, की पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण त्याची वाट वाकवणार. किती वाकवणार, हे तो नेमका कुठून जातो यावर अवलंबून. त्या जाण्याच्या वाटेवर अवकाशात सुमारे सहाशे मीटर रुंदीची एक फट होती. तिच्यातून तो गेला असता तर वाकलेल्या वाटेने बरोबर सात वर्षांनी, १३ एप्रिल २०३६ रोजी, तो परत येऊन आदळला असता. एवढ्या अंतराळात सहाशे मीटर! या फटीतून तो जात नाही, हे छातीठोकपणे सांगायला २०१३ साल उजाडले.

तरीही २०६८ शिल्लक राहिले, आणि ते का राहिले हे ऐकण्यासारखे आहे. सूर्याच्या उन्हाने दगड तापतो. तो स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तापलेली बाजू वळून 'संध्याकाळी'कडे जाते आणि तिथून उष्णता बाहेर टाकते. बाहेर पडणारी उष्णता दगडाला अगदी नकळत रेटा देते. एकोणिसाव्या शतकात पोलिश घराण्यात जन्मलेल्या यारकोव्स्की नावाच्या अभियंत्याने ही कल्पना मांडली होती, त्यामुळे तिला त्याचेच नाव आहे. अपोफिसच्या बाबतीत हा रेटा २०२० मध्ये प्रत्यक्ष पकडला गेला. हवाई बेटावरच्या सुबारू दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांवरून थोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की अपोफिस आपल्या निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या वाटेवरून वर्षाला सुमारे १७० मीटर सरकतो आहे. कोट्यवधी टनांच्या दगडाला ऊन ढकलते आहे, वर्षाला दीडएकशे मीटर. चाळीस-पन्नास वर्षांत ही चूकभूल साचत साचत इतकी होते, की २०६८ मध्ये टक्कर होईल की नाही याचे उत्तर त्या उन्हाच्या हिशेबावर लटकून राहते.

हा हिशेब मिटवला रडारने. दुर्बिणीला जे कळत नाही ते अंतर रडारला कळते: लहरी सोडायच्या, परत येईपर्यंत किती वेळ लागला ते मोजायचे. मार्च २०२१ मध्ये अपोफिस सुमारे १ कोटी ७० लाख किलोमीटरवरून गेला. पोर्टो रिकोतली अरेसिबोची प्रचंड रडार-दुर्बीण तीनच महिन्यांपूर्वी, १ डिसेंबर २०२० रोजी, कोसळून पडली होती. तिच्या केबल तुटल्या आणि नऊशे टनांचा डोलारा खालच्या तबकडीत गेला. तेव्हा तिच्याविनाच, कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटरच्या तबकडीने लहरी सोडल्या आणि अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकच्या शंभर मीटरच्या तबकडीने प्रतिध्वनी झेलला. पावणेदोन कोटी किलोमीटरवरच्या दगडाचे अंतर दीडशे मीटरच्या अचूकतेने मोजले गेले. २०२९ मधल्या त्याच्या जागेबद्दलची अनिश्चितता शेकडो किलोमीटरवरून मोजक्या किलोमीटरवर आली. २६ मार्च २०२१ रोजी नासाने अपोफिसचे नाव धोक्याच्या यादीतून काढले: पुढची किमान शंभर वर्षे टक्कर नाही. सोळा वर्षे, तीन खंडांतल्या दुर्बिणी, एक कोसळलेली आणि दोन उभ्या असलेल्या तबकड्या, एवढे सगळे या एका ओळीसाठी. ती ओळ कितीजणांना आठवते?

आता हा दगड आहे तरी कसा? सरासरी व्यास सुमारे ३४० मीटर. पण चेंडूसारखा गोल नाही. रडारच्या प्रतिमांवरून तो लांबोडका आणि मध्ये आवळल्यासारखा, दोन गोळे एकमेकांना चिकटावेत असा दिसतो, आणि त्याची लांब बाजू साडेचारशे मीटरच्या पुढे भरते. घडण सिलिकेट खडकाची, त्यात थोडे निकेल-लोह. पृथ्वीवर पडणाऱ्या दगडी उल्कांच्या एका गटाशी त्याचे वर्णपट जुळतात. फिरणेही सरळ नाही. भोवरा एका आसावर फिरतो, अपोफिस कोलांट्या खात फिरतो आणि त्याच्या उजेडातला चढ-उतार साधारण साडेतीस तासांनी पुन्हा तसाच दिसतो. तो अखंड खडक आहे, की दगडगोट्यांचा गुरुत्वाकर्षणाने कसाबसा धरून ठेवलेला ढीग आहे, हा मोठाच प्रश्न आहे. अशा ढिगाचा अनुभव मानवाने घेतला आहे: २०२० मध्ये नासाचे यान बेन्नू या लघुग्रहावर नमुना घ्यायला टेकले, तेव्हा त्याचा पृष्ठभाग इतका भुसभुशीत निघाला, की इंजिने चालवून वेळीच माघारी फिरले नसते तर यान आत रुतत गेले असते.

कक्षाही मोठी गमतीची. सध्या अपोफिस सूर्याभोवती एक फेरी सुमारे ३२४ दिवसांत मारतो, म्हणजे त्याचे वर्ष आपल्या वर्षापेक्षा सव्वा-दीड महिन्याने लहान. सूर्याच्या सर्वांत जवळ असताना तो शुक्राच्या कक्षेच्या थोडासाच बाहेर असतो, आणि सर्वांत दूर जातो तेव्हा पृथ्वीच्या कक्षेबाहेर जेमतेम दहा टक्के. असा लघुग्रह बराच काळ सूर्याच्या बाजूला लपलेला असतो, त्यामुळे तो दिसायलाही अवघड. १३ एप्रिल २०२९ नंतर हे सगळे बदलणार आहे. पृथ्वी त्याला जो हिसका देईल त्याने त्याची कक्षा फुगेल, वर्ष ३२४ दिवसांवरून सुमारे चौदा महिन्यांचे होईल, आणि खगोलशास्त्रज्ञांना त्याला एका वर्गातून काढून दुसऱ्या वर्गात घालावे लागेल. आजवर 'अटेन', नंतर 'अपोलो'. एका रात्रीत एका खगोलाचे वर्षच बदलते आहे आणि आपण ते बदलताना पाहणार आहोत, याहून मोठी बातमी काय असते?

त्या रात्रीचा तपशील असा. अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने जाईल. दूरचित्रवाणीचे आणि हवामानाचे भूस्थिर उपग्रह ३५,८०० किलोमीटरवर असतात, म्हणजे तो त्यांच्याही आतून जाणार. म्हणून उपग्रहांवर आदळेल काय? नाही. त्याचा मार्ग विषुववृत्ताच्या प्रतलाशी तिरका आहे आणि ते प्रतल तो उपग्रहांच्या कड्याच्या बाहेरून ओलांडतो. एवढा मोठा दगड एवढ्या जवळून जाण्याचा योग काही हजार वर्षांतून एकदा येतो. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांना, सरकत्या ताऱ्यासारखा दिसेल. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी दुर्बिणी घेऊन संध्याकाळपासूनच ठाण मांडावे. सर्वांत जवळ येण्याचा क्षण आपल्या घड्याळात १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास पडतो. म्हणजे आंबेडकर जयंतीला.

आणि आता पंचांग पाहा. १३ एप्रिल २०२९ ला शुक्रवार आहे, आणि ती रात्र अमावास्येची आहे. पाश्चात्त्यांचा अशुभ 'तेरा तारखेचा शुक्रवार', आपली अमावास्या आणि इजिप्तचा सर्पराक्षस, तिन्ही एका रात्रीत! कुठल्या वाहिनीवर कुठले बाबा बसतील, कुठल्या राशींना कसले तोडगे सांगितले जातील, हे आजच लिहून ठेवता येईल. आकाश पाहणाऱ्यांना मात्र अमावास्या म्हणजे पर्वणी. चंद्राचा उजेड नाही, आकाश काळेभोर. एकाच रात्रीचे हे दोन हिशेब आहेत, आणि त्यांतला कोणता जिंकेल हे पुढच्या काही वर्षांत शाळाशाळांतून काय सांगितले जाते यावर ठरणार आहे. जयंतीच्या आदल्या रात्री बारा वाजता जागे असणारे लाखो लोक या राज्यात आहेत. त्यांना अंगात येणारी भीती विकायची, की गच्चीवर एक दुर्बीण मांडून द्यायची?

लघुग्रहांचा धोका थोतांड आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी '२०१२ डीए१४' हा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता. तारीख-वेळ आधीपासून माहीत होती, जगभरच्या दुर्बिणी त्याच्याकडे वळलेल्या होत्या, आणि तो सांगितल्याबरहुकूम गेलाही. त्याच दिवशी सकाळी, वेगळ्याच दिशेने, कुणाच्याही ध्यानीमनी नसलेला सुमारे वीस मीटरचा दगड रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर आकाशात फुटला. सूर्याच्या बाजूने आला, म्हणून आधी दिसलाच नाही. लखलखाट पाहून लोक खिडक्यांपाशी धावले आणि मागून आलेल्या धक्क्याच्या लाटेने त्याच खिडक्यांच्या काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. नाव, क्रमांक आणि तारीख असलेला दगड निमूट निघून गेला. ज्याला नाव नव्हते त्याने काचा फोडल्या. भीतीच बाळगायची तर ती न मोजलेल्यांची बाळगावी. एक किलोमीटरहून मोठ्या पृथ्वीनिकट लघुग्रहांपैकी बहुतेक सापडले आहेत; १४० मीटर आणि त्याहून मोठ्या आकाराचे निम्म्याहून अधिक अजून सापडायचे आहेत. यादीत आलेल्यावर आरडाओरडा करायचा आणि याद्या करणाऱ्या दुर्बिणींना पैसा मंजूर होतो की नाही याकडे ढुंकूनही बघायचे नाही, हा उफराटा कारभार आहे.

आपला या कारभाराशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ऑगस्ट २०२० मध्ये '२०२० क्यूजी' नावाचा तीन ते सहा मीटरचा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून निघून गेला. न आदळता इतक्या जवळून गेलेल्यांत तो तेव्हा सर्वांत जवळचा ठरला. तो हुडकून काढला पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी, कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे तपासताना. तो निघून गेल्यावर काही तासांनी सापडला, हे खरे. पण पृथ्वीवरच्या कुणाही आधी तो मुंबईत शिकणाऱ्यांना दिसला. मुंबई फक्त लाल वर्तुळातच यावी, असे काही नाही.

दुसरी गोष्ट बुलढाण्यातले लोणार. बसाल्ट खडकात आघाताने बनलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अंदाजे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे आहे. लवणासुराच्या वधाची कथा, दैत्यसूदनाचे देखणे देऊळ, खारट पाणी आणि २०२० मध्ये ते गुलाबी झाले तेव्हा धावत गेलेले कॅमेरे, एवढीच लोणारची ओळख राहिली आहे. अवकाशातून आलेला दगड पृथ्वीचे काय करतो हे ज्याला पाहायचे आहे त्याने वाहिनीवरचा आगीचा गोळा पाहण्याऐवजी लोणारच्या कडेवर जावे. काठावर उलथून पडलेले खडकांचे थर हाताने चाचपता येतात.

अपोफिसच्या भेटीची जगाची तयारी कधीच सुरू झाली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे लघुग्रहांविषयी जागृतीचे आणि पृथ्वीच्या संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे 'रॅमसेस' हे यान एप्रिल २०२८ मध्ये सुटून फेब्रुवारी २०२९ मध्ये अपोफिसपाशी पोहोचायचे आहे, म्हणजे पृथ्वीचा हिसका बसण्यापूर्वीचा आणि नंतरचा अपोफिस असे दोन्ही पाहता येतील. हिसक्याने त्याच्या कोलांट्या बदलतात का, उतारावरचे दगड घसरतात का, आतला ढिगारा हलतो का, हे त्यातून कळेल. बेन्नूची माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी युटाच्या वाळवंटात टाकून पुढे गेलेले नासाचे यानही नाव बदलून त्याच वाटेला लावण्यात आले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने एक यान मुद्दाम आदळवून डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाच्या फेरीचा काळ अर्ध्या तासाने कमी करून दाखवला. पण धक्का मारायचा तर समोरचा दगड घट्ट आहे की भुसभुशीत, हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते समजून घ्यायला अपोफिस स्वतःहून दारी येतो आहे. इस्रोच्या तत्कालीन अध्यक्षांनीही २०२४ मध्ये अपोफिसचे नाव घेऊन भारताने या कामात उतरावे असे बोलून दाखवले होते. यान म्हणा, दुसऱ्यांच्या यानावरचे एखादे उपकरण म्हणा, ते बांधायला वर्षे लागतात आणि अपोफिस कुणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही. बोलल्याचे पुढे काय झाले, हे संसदेत विचारायला महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस लोकसभा सदस्यांपैकी एकाने उभे राहिले तरी पुरे.

राहता राहिले आमचे वृत्तविश्व. त्याच्याकडून फार अपेक्षा नाही. एकच नियम पाळावा. धोक्याचा आकडा ज्या पानावर, ज्या टायपात छापला, तो शून्य झाल्याची बातमीही त्याच पानावर आणि त्याच टायपात छापावी. २०२४ वायआर४ची ती बातमी अजून येणे आहे.